रविवार सकाळचा मोगली आणि हरवलेलं जपान

औशात आज चाळिशीच्या आसपास असलेल्या कुणालाही विचारून पाहा, लहानपणी दूरदर्शनवर लागायचं ते कार्टून 'जंगल बुक' कुणी बनवलं होतं? 'डिस्नेनं, अजून कुणी!' हे उत्तर मिळण्याची शक्यता मोठी आहे. लातूरला, पुण्याला, थेट दिल्लीला विचारलंत तरी वेगळं काही ऐकू येईल असं नाही.

ती मालिका डिस्नेची नव्हती. टोकियोतल्या निप्पॉन अ‍ॅनिमेशन या कंपनीनं ती बनवली आणि ऑक्टोबर 1989 पासून ती जपानच्या घराघरांत दिसू लागली. भाग होते 52. दूरदर्शननं 1993 साली ती हिंदीत आणली, तेव्हा तिला गुलजारांचं शीर्षकगीत मिळालं, विशाल भारद्वाजांचं संगीत मिळालं आणि शेरखानला आवाज मिळाला आपल्या नाना पाटेकरांचा. जपानी कुंचल्यातून उतरलेला वाघ मुरूड-जंजिऱ्याच्या माणसाच्या आवाजात गुरगुरला, आणि औशातल्या लेकरांना त्यात काहीच परकं वाटलं नाही.

कंपनीचं नाव लक्षात राहिलं नाही यात नवल नाही. आठ वर्षांचं पोर श्रेयनामावली वाचत बसत नाही. नवल वेगळंच आहे. विसरलेली जागा प्रत्येकानं आपापल्या परीनं भरायला हवी होती. कुणी रशिया म्हणायला हवं होतं. तिथल्या सोयुझमुल्टफिल्म स्टुडिओनं 1967 ते 1971 या काळात मोगलीवर खरोखरच अ‍ॅनिमेशनपट काढले होते. पण आपण सगळे चुकलो ते एकाच दिशेनं. न ठरवता, न भेटता.

याचं कारण त्याच रविवारच्या सकाळींत दडलंय, असं मला वाटतं. नव्वदीच्या मध्यावर दूरदर्शनवर 'टेलस्पिन' नावाची हिंदीत डब केलेली मालिका लागायची. ती मात्र अस्सल डिस्नेची. तिच्यात मालवाहू विमान उडवणारा वैमानिक होता बल्लू अस्वल. कोट-टाय घालून व्यापार करणारा उद्योगपती होता शेरखान. आणि एका बेटावर धंदा थाटून बसलेला लुई वानर. तीच नावं, तेच चॅनेल, तोच वार, आणि वर डिस्नेचा ठसा. दोन-चार वर्षांच्या अंतरानं पाहिलेल्या या दोन मालिका मेंदूनं एकाच फडताळात ठेवल्या तर त्याला दोष कसा द्यायचा?

मानसशास्त्रज्ञ मार्सिया जॉन्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या प्रकारावर एक मोठा लेख लिहिला, आणि तोही नेमका 1993 सालीच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आठवणीतला मजकूर आणि तो कुठून आला याची नोंद, या दोन गोष्टी पक्क्या जोडलेल्या नसतात. स्वयंपाकघरातल्या डब्यावरची चिठ्ठी गळून पडावी तसं होतं. आतला मसाला शाबूत असतो. चिठ्ठी मात्र आपण नंतर अंदाजानं डकवतो आणि ती पहिल्यापासून तिथंच होती असं मानतो. मोगलीच्या डब्यावर तर 2016 मध्ये नवी कोरी चिठ्ठी लागली. डिस्नेचा नवा 'जंगल बुक' भारतात आला तेव्हा हिंदीत शेरखान पुन्हा नानांच्याच आवाजात बोलला, आणि प्रसिद्धीसाठी गुलजार-भारद्वाजांचं तेच जुनं गाणं नव्यानं ध्वनिमुद्रित झालं. ज्यांना थोडीफार शंका होती, त्यांचीही ती मिटली असणार.

भेसळ कुठं झाली हे शोधताही येतं. दूरदर्शनवरच्या मोगलीच्या हातात बूमरँग असायचं, ते ना रुडयार्ड किपलिंगच्या 1894 च्या पुस्तकात आहे ना डिस्नेच्या सिनेमात. उलट वानरांचा राजा लुई हा डिस्नेनं 1967 च्या चित्रपटात जन्माला घातला. किपलिंगच्या माकडांना राजाच नाही. कुणाचं ऐकायचं नाही हीच तर त्यांची ख्याती. तेव्हा बूमरँगवाला मोगली आणि डिस्नेचा तो नाचरा लुई एकाच भागात समोरासमोर आलेले कुणाला आठवत असतील, तर तो भाग फक्त त्याच्याच डोक्यात प्रसारित झालेला आहे.

हे जगभर चालतं. 1937 च्या डिस्नेच्या हिमगौरीतली दुष्ट राणी आरशाला लागोपाठ दोनदा हाक मारते असं इंग्रजी जगाला ठाम आठवतं. चित्रपटातल्या त्या ओळीत ती आरसा हा शब्द एकदाच उच्चारते, आणि त्याच्याआधी जादूचा असं विशेषण लावते. दुहेरी हाक आहे ती ग्रिम बंधूंच्या जर्मन कथेत. म्हणजे लोकांना आठवतं ते खोटं नाही, फक्त पत्ता चुकलाय.

कार्टूनमधल्या पिकाचूची गोष्ट मात्र मला अजून चक्रावून टाकते. शिकागो विद्यापीठात दीपश्री प्रसाद आणि विल्मा बेनब्रिज यांनी 40 ओळखीची चित्रं आणि बोधचिन्हं लोकांपुढे ठेवली. 2022 मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. त्यातल्या 7 चित्रांबाबत बरेच लोक तीच ती चूक करत होते. पिकाचूच्या शेपटीचं टोक काळं असतं, असं त्यांना वाटत होतं. ते पिवळंच असतं. काळी टोकं कानांना असतात. माणसं चित्रात कुठं पाहतात हे तपासलं, तर चुकणारे आणि न चुकणारे सारखंच पाहत होते. काहींना आठवणीतून चित्र काढायला सांगितलं, तर त्यांनी हातानंही तीच चूक उतरवली. इंटरनेटवर चुकीची चित्रं सांडलेली असतील म्हणावं, तर तिथंही बहुतेक चित्रं बरोबरच होती. टेलस्पिनसारखा गुन्हेगार इथं सापडत नाही. न पाहिलेली गोष्ट इतक्या जणांना सारखीच कशी आठवते, याचं एकच एक उत्तर त्या दोघींनाही मिळालेलं नाही.

मोगली कुणाचा हे औसा विसरला असेल, पण तो कधीचा हे इथं सहसा चुकायचं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, याच तालुक्यातलं किल्लारी भूकंपानं उद्ध्वस्त झालं. तेव्हापासून या भागात काळ मोजला जातो तो भूकंपाच्या आधी आणि भूकंपानंतर असा. एलिझाबेथ लॉफ्टस आणि वेस्ली मार्बर्गर यांनी 1983 मध्ये दाखवून दिलं होतं की घटना कधी घडली हे सांगताना माणसं ती बरीच अलीकडे ओढतात, पण सेंट हेलेन्स ज्वालामुखीसारखी मोठी खूण दिली की ही ओढाताण कमी होते. अशी खूण तारीख राखते. बाकीचे तपशील राखतेच असं नाही. 1986 मध्ये चॅलेंजर यान फुटल्याची बातमी कुठं आणि कशी कळली, हे अमेरिकेतल्या 44 विद्यार्थ्यांना अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं. त्यांच्यापैकी 11 जणांचं सगळंच उत्तर चुकलं होतं, आणि ते सांगताना अनेकांचा आत्मविश्वास जराही डळमळीत नव्हता.

रंगांचंही असंच असावं. विजया मुळे यांचा 1974 चा 'एक अनेक और एकता' हा अ‍ॅनिमेशनपट आपल्याकडे 'चिडियावालं गाणं' म्हणूनच ओळखला जातो. तो आला तेव्हा टीव्हीवर रंगच नव्हते. आपल्या देशात रंगीत प्रसारण सुरू झालं ते 1982 मध्ये, आणि ब्लॅक अँड व्हाइट संच तर त्यानंतरही कितीतरी वर्षं घरोघरी होते. मुंग्या आल्या की कुणीतरी माळवदावर जाऊन अँटेना फिरवायचं, तो जमाना. तशा करड्या पडद्यावर ज्यांनी मोगली पाहिला, त्यांनी क्षणभर डोळे मिटून पाहावं. जंगल हिरवं दिसतं ना?

घरी बहीण-भाऊ असतील तर एक खेळ करता येईल. आधी एकमेकांशी बोलायचं नाही, कारण एकानं ठासून सांगितलेली चूक दुसऱ्याच्या आठवणीत शिरते, हेही प्रयोगांत दिसलेलं आहे. वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं: मोगलीच्या हातात काय होतं, लुई होता का, शेरखाननं कोट घातला होता का, आणि टीव्ही रंगीत होता का. मग कागद शेजारी ठेवायचे, आणि त्यानंतरच यूट्यूब उघडायचं.