‘हिरवा’ हा शब्द आणि हिरव्या सिगारची परीक्षा

खाण्यापिण्याच्या व ओढण्याच्या पदार्थांची परीक्षा जीभ आणि नाक करतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाही; मात्र अपुरी आहे. पदार्थ जिभेला लागण्यापूर्वी डोळा त्याचा रंग पाहतो आणि भाषा त्या रंगाला नाव देते. त्या नावाला रंगाखेरीज आणखी अर्थ चिकटलेले असतील, तर तेही परीक्षेत नकळत उतरतात. मराठीतील ‘हिरवा’ हा अशा शब्दांपैकी एक होय. प्रस्तुत लेखात हिरव्या वेष्टनाच्या सिगारचे उदाहरण घेऊन, या शब्दामुळे चवीच्या परीक्षेत कोणता घोटाळा उत्पन्न होतो आणि तो कसा टाळता येईल, याचा विचार केला आहे.

नाशिककरांना या घोटाळ्याचे प्रत्यंतर दूर शोधावयास नको. शहरातून गंगापूर गावाकडे व धरणाकडे जाणाऱ्या गंगापूर रोडने पुढे गेले की द्राक्षांचे मळे लागतात. नाशिक जिल्ह्यात खाण्यासाठी जी द्राक्षे मोठ्या प्रमाणावर होतात, त्यांतील थॉमसन सीडलेस ही प्रमुख जात पूर्ण पिकल्यावरही हिरवीच राहते. फार तर तिच्यावर पिवळसर झाक येते. म्हणून बागाईतदार केवळ रंगावर विसंबत नाही. तो मण्याचा रस काढून त्यातील विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यतः साखर, ब्रिक्स या मापाने मोजतो. शंभर ग्रॅम द्रावणात एक ग्रॅम साखर असली म्हणजे एक अंश ब्रिक्स होतो. येथे रंग हिरवा आहे आणि फळ पक्व आहे, यात कोणालाही विसंगती वाटत नाही. हाच न्याय तंबाखूच्या पानाला लावावयाची वेळ आली की मात्र बुद्धी अडखळते.

हिरवे वेष्टन म्हणजे काय

सिगारचे तीन भाग असतात : आतला गाभा, गाभ्याला आवळून धरणारे बांधणीचे पान आणि सर्वांत बाहेरचे वेष्टन. वेष्टन वजनाने अल्प असते, परंतु ओठांना तेच लागते आणि डोळ्यांना तेच दिसते. नेहमीच्या तपकिरी वेष्टनाचे पान हवेशीर कोठारात कित्येक आठवडे टांगून ठेवतात. या काळात पान मरत मरत वाळते. त्यातील हरितद्रव्य विघटन पावते, पिष्टाची साखर होते आणि ऑक्सिडीकरणामुळे तपकिरी रंग चढतो. नंतर पानांचे ढीग रचून ती आंबवतात. त्यामुळे पानाचा उग्रपणा कमी होऊन वास गहिरा होतो.

हिरव्या वेष्टनाची रीत याहून निराळी आहे. तोडलेले पान बंद कोठारात टांगून उष्णता पायरीपायरीने वाढवतात आणि ती सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या घरात नेतात. अवघ्या काही दिवसांत पान वाळते. पानातील जी विकरे हरितद्रव्याचे विघटन करतात व पानाला तपकिरी करतात, ती या उष्णतेने निकामी होतात. रंग जागच्या जागी थिजतो. त्यानंतर पानाला पुन्हा ओल देऊन ते हाताळण्याजोगे करतात. दीर्घ आंबवण मात्र करीत नाहीत. चहाच्या उदाहरणाने ही गोष्ट सहज ध्यानी येईल. हिरवा चहा आणि काळा चहा एकाच झुडपाच्या पानांपासून होतात. पहिल्यात पान खुडल्यावर लवकरच त्याला वाफ किंवा आच देऊन विकरे थांबवली जातात. दुसऱ्यात ती आपले काम पुरे करतात.

या वेष्टनाला व्यापारात ‘कॅन्डेला’ म्हणतात. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ मेणबत्ती किंवा विस्तव असा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या हिरव्या सिगारचा खप इतका होता की, तिला ‘अमेरिकन मार्केट सिलेक्शन’ असे नाव पडले. पुढे अभिरुची तपकिरी व काळसर वेष्टनांकडे वळली आणि हिरवी सिगार अपूर्वाईची वस्तू झाली. स्पॅनिश नाव ऐकणाऱ्याचे लक्ष विस्तवाकडे, म्हणजे पानावर झालेल्या क्रियेकडे जाते. मराठी वाचक तीच वस्तू पाहून ‘हिरवी’ म्हणतो, आणि त्याच्या मनात क्रिया न झाल्याची, म्हणजे कच्चेपणाची शंका उभी राहते. वस्तुतः हे पान कच्चे नाही. त्याचे पक्वीकरण एका ठरावीक टप्प्यावर हेतुपुरस्सर थांबवलेले आहे.

शब्दाचे तीन अर्थ

‘हिरवा’ या शब्दाचे मराठीत निदान तीन अर्थ वेगळे करता येतात. पहिला निव्वळ रंगाचा : हिरवी साडी, हिरवा चुडा. दुसरा अपक्वतेचा : ‘आंबा अजून हिरवा आहे’ असे म्हणणाऱ्याला रंग सांगावयाचा नसतो, आंबा उतरवू नये हे सांगावयाचे असते. तिसरा ताजेपणाचा, न वाळलेपणाचा : हिरवा चारा हा कडब्याहून वेगळा, आणि हिरवी मिरची ही वाळवलेल्या लाल मिरचीहून वेगळी. दुसरा अर्थ दोष दाखवतो, तिसरा बहुधा गुण दाखवतो, आणि पहिला दोहोंपासून अलिप्त असतो.

हे तीन अर्थ एकमेकांपासून सुटू शकतात, याचीही साक्ष मराठी व्यवहारात आहे. हिरव्या सालीची केळी पिकल्यावरही बरीचशी हिरवी दिसतात, आणि गिऱ्हाईक ती दाबून पाहून घेते. हिरव्या चाफ्याचे फूल तर पानांत लपून जाईल इतके हिरवे, पण त्याचा वास पिकलेल्या फळासारखा असतो. फूल नजरेस पडण्यापूर्वी वासानेच त्याचा पत्ता लागतो. या उदाहरणांत भाषिकाला रंग आणि पक्वता यांची गल्लत होत नाही, कारण वस्तू त्याच्या परिचयाची आहे. अपरिचित वस्तूपुढे मात्र तो शब्दाच्या ठरीव अर्थसाखळीवर विसंबतो.

प्रत्ययांनी ही साखळी अधिकच घट्ट होते. ‘-सर’ हा प्रत्यय केवळ प्रमाण दाखवतो : पिवळसर, काळसर, गोडसर. ‘-कट’ या प्रत्ययाबरोबर बहुधा नापसंती येते : मळकट, तेलकट, धुरकट, मातकट. ‘-वट’ या दोहोंच्या मध्ये कोठे तरी आहे. ‘कडवट’ हे मेथीच्या भाजीचे वर्णन असू शकेल आणि बिघडलेल्या काकडीचा दोषही असू शकेल. ‘हिरवट’ची स्थिती अशीच आहे. रंगाविषयी बोलताना तो शब्द फिकेपणा सांगतो. वास किंवा चव यांच्या संदर्भात आला की तक्रार होतो. उलट ‘हिरवागार’ म्हटले की प्रशंसाच होते. एकाच मुळापासून निघालेल्या या शब्दांत वर्णन कोठे संपते आणि निवाडा कोठे सुरू होतो, हे ऐकणाऱ्याने संदर्भावरूनच ओळखावयाचे असते.

निवाड्याची किंमत

हा केवळ शब्दच्छल आहे असे कोणास वाटेल, म्हणून नाशिक जिल्ह्यातीलच दुसरे उदाहरण पाहणे इष्ट होईल. नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटरवरील सिन्नर हे विसाव्या शतकात विडी-व्यवसायाचे नावाजलेले केंद्र होते. विडी आणि सिगार या एकाच कुळातील वस्तू. भेद मुख्यतः वेष्टनाचा. सिगारचे वेष्टन तंबाखूचेच असते, विडीचे टेंभुर्णीच्या, म्हणजे तेंदूच्या पानाचे. हे पान उन्हाळ्यात जंगलांतून तोडून उन्हात वाळवतात, वापरण्यापूर्वी भिजवून मऊ करतात आणि कात्रीने मापात कापतात. वाळल्यावरही त्यात हिरवट छटा राहू शकते आणि विडी ओढणाऱ्याला तिचे नवल वाटत नाही.

विडी-कामगाराची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. वळलेल्या विड्या तपासताना ज्या पसंत पडत नाहीत, त्या वेगळ्या काढल्या जातात. त्यांना ‘छाट’ म्हणतात. या छाटाची मजुरी मिळावी की नाही, हा कामगार आणि कारखानदार यांच्यातील जुना तंटा होय. १९६६ च्या विडी व सिगार कामगारांविषयीच्या केंद्रीय कायद्यात, नाकारलेला माल व त्याची मजुरी यांसंबंधीच्या वादांचा निर्णय करण्याची तरतूद घालावी लागली, यावरून त्याचे गांभीर्य लक्षात यावे. ‘पान वाईट’, ‘भरण सैल’, ‘आकार वेडावाकडा’ अशा शब्दांतून जे वर्णन होते, तेच येथे निवाडा होते आणि कामगाराच्या हातात पडणाऱ्या पैशांतून वजा होते. पान मालकाने पुरवलेले असेल, तर पानाचा दोष वळणाऱ्याच्या माथी का मारावा, हा प्रश्न अशा वेळी सुटत नाही. कारण दोष पानाचा की कामाचा, हे दोषवाचक शब्दातून वेगळे कळतच नाही. परीक्षेच्या भाषेत वर्णन आणि निवाडा वेगळे ठेवण्याची गरज येथे सर्वांत अधिक प्रत्ययास येते.

गंगापूर रोडवरील धडा

चवीच्या परीक्षेची रीतसर भाषा नाशिकला अलीकडे परिचित झाली ती वाइनमुळे. गंगापूर परिसरातील सुला विनयार्ड्सची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. तिच्यात सोविन्यों ब्लांक आणि शेनिन ब्लांक या पांढऱ्या जाती होत्या. पैकी सोविन्यों ब्लांक या जातीच्या वाइनमध्ये हिरव्या ढोबळ्या मिरचीचा किंवा नुकत्याच कापलेल्या गवताचा वास येतो. ढोबळ्या मिरचीच्या वासाचे कारण मेथॉक्सिपायराझिन वर्गातील द्रव्ये होत. ती खुद्द मिरचीतही असतात आणि द्राक्षात पक्वतेबरोबर कमी होत जातात. तथापि सोविन्यों ब्लांकमध्ये हा वास माफक असला तर तो जातीचे लक्षण मानून वाखाणला जातो. काबेर्ने सोविन्यों या तांबड्या जातीत तोच वास ठळक झाला तर फळ कच्चे तोडले असा ठपका येतो. द्रव्ये एकाच वर्गातील, वास एकच, निवाडे मात्र दोन. तेव्हा ‘हिरवा वास’ एवढ्यावरून गुण की दोष हे ठरत नाही. वस्तू कोणत्या जातीची आहे, हे आधी ठाऊक असावे लागते.

रंगाचा प्रभाव किती खोल असतो, हे २००१ साली ‘ब्रेन अँड लँग्वेज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवले. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दियू या संशोधकांनी फ्रान्समधील बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन ठेवली. नंतर तीच वाइन, गंधहीन तांबडा रंग मिसळून, पुन्हा परीक्षेस दिली. रंगवलेल्या वाइनच्या वासाचे वर्णन विद्यार्थ्यांनी प्रामुख्याने तांबड्या वाइनला लावावयाच्या शब्दांनी केले. नाकापुढे असलेला वास बदललेला नव्हता. बदलली होती ती शब्दांची निवड, आणि ती डोळ्याने केली होती. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या प्रयोगाचे महत्त्व विशेष आहे, कारण त्यात मोजली गेलेली वस्तू शब्द हीच होती.

परीक्षेची पद्धती

यावरून हिरव्या सिगारच्या परीक्षेचा क्रम असा असावा असे म्हणता येईल. प्रथम वेष्टन पाहावे. रंग सर्वत्र सारखा आहे काय, शिरा जाड आहेत काय, पान कोठे फाटले किंवा डागाळले आहे काय, हे नोंदवावे. हिरवा रंग प्रकाशाने उतरतो, म्हणून पिवळे पडलेले पट्टे साठवणीचा दोष सांगतात. त्यानंतर न पेटवता वास घ्यावा आणि टोक कापून कोरडा झुरका घेऊन पाहावा. या टप्प्यावर येणारा गवताचा किंवा हिरव्या चहाचा वास वेष्टनाचा असण्याचा संभव अधिक. पेटवल्यावर धूर छातीत न ओढता तोंडात खेळवतात. सिगारचे तीन भाग कल्पून प्रत्येक तिसऱ्या हिश्श्याला चव, तिखटपणा, तुरटपणा आणि मागे राहणारी चव स्वतंत्रपणे लिहितात. तिखटपणा व तुरटपणा यांना आपल्या षड्रसांत स्थान असले, तरी शरीरविज्ञानाच्या दृष्टीने त्या स्पर्शाच्या जवळच्या संवेदना होत. म्हणून त्यांचा रकाना वेगळा असलेला बरा.

वेष्टनाचा वाटा नेमका किती, हे कळण्यासाठी एकाच गाभ्याच्या दोन सिगारी, एक हिरव्या व एक तपकिरी वेष्टनाची, परीक्षकाचे डोळे बांधून द्याव्यात. डोळे बांधल्यावरही ‘कच्ची’ असा शेरा हिरव्या सिगारलाच मिळाला, तर तो चवीचा निर्णय होय. तसे न घडले, तर आधीचा शेरा रंगाने आणि रंगाच्या नावाने दिलेला होता, असे मानावे लागेल.

शब्दयोजनेविषयीही काही पथ्ये पाळता येतील. रंगासाठी ‘हिरवा’ किंवा ‘हिरवसर’ वापरावा. वासासाठी तो न वापरता वस्तूचे नाव घ्यावे : कापलेल्या गवताचा, गवती चहाचा, ढोबळ्या मिरचीचा, ओल्या पाल्याचा. पक्वतेसाठी ‘कच्चा’ हा शब्द राखून ठेवावा, आणि तोही आंबवण अपुरी झाल्याचे अन्य लक्षण, उदाहरणार्थ घशाला लागणारा उग्रपणा, आढळेल तेव्हाच. खमंग, खवट, कुबट, करपट अशी गंधवाचक विशेषणे मराठीत मुबलक आहेत. परंतु त्यांतील बहुतेकांत पसंती किंवा नापसंती आधीच भरलेली आहे. म्हणून ती वर्णनाच्या रकान्यात न लिहिता शेवटच्या, निवाड्याच्या रकान्यात लिहावीत.

आणखी एक अर्थ येथे वेगळा काढला पाहिजे. ‘हिरवे’ म्हणजे निसर्गाला जवळचे, निरोगी, असा अर्थ अलीकडे रूढ झाला आहे. हिरव्या सिगारला तो लागू नाही. वेष्टन कोणत्याही रंगाचे असो, तंबाखूच्या धुरात निकोटीन व कर्कजनक द्रव्ये असतातच, आणि धूर छातीत न ओढल्याने मुखाच्या कर्करोगाचा धोका नाहीसा होत नाही. एक शब्द वस्तूला विनाकारण कच्ची ठरवू शकतो, तसाच तो तिला विनाकारण निर्दोषही ठरवू शकतो. मराठीत चव-परीक्षेची परिभाषा घडवू पाहणाऱ्या अभ्यासकाने या दोन्ही दिशांनी शब्द तपासून घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी लागणारी सामग्री द्राक्षमळ्यात, विडी-कारखान्यात आणि भाजीबाजारात बोलली जाते; ती वर्णन आणि निवाडा अशा दोन रकान्यांत नोंदवून घेण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येण्यासारखे आहे.