काचेवर माऊस का अडखळतो?

परतवाड्यातल्या सरकारी कार्यालयांत, पतसंस्थांत, अडत्यांच्या दुकानांत टेबलावर काच घालायची जुनी रीत आहे. काचेखाली हिरवं कापड किंवा रेक्झिन, त्यावर फोन नंबरांची यादी, देवाचा फोटो, चालू वर्षाचं कॅलेंडर. टंकलेखन यंत्रं गेली, संगणक आले, काच मात्र राहिली. या काचेवर माऊस ठेवला की स्क्रीनवरचा बाण एक तर जागचा हलत नाही किंवा भलतीकडे उडी मारतो. मग वर्तमानपत्राची घडी नाही तर जुन्या फाइलीचा पुठ्ठा माऊसखाली जातो आणि काम सुरू होतं. हा उपाय कुठल्या प्रशिक्षणात सांगितलेला नसतो. लिपिकांनी तो स्वतः शोधला आहे आणि भौतिकशास्त्राच्या कसोटीवर तो अगदी बरोबर आहे.

आजच्या माऊसच्या पोटात कॅमेरा असतो. खाली दिसणारा लाल दिवा टेबलावर तिरपा प्रकाश टाकतो. तिरप्या प्रकाशात कागदाच्या तंतूंच्या, लाकडाच्या रेषांच्या बारीक सावल्या पडतात आणि एक छोटं भिंग त्या सावल्यांचं चित्र संवेदकावर पाडतं. १९९९ मध्ये असे माऊस बाजारात आले तेव्हा त्यांचा संवेदक सेकंदाला दीड हजार चित्रं टिपत होता. प्रत्येक चित्र जेमतेम १६ गुणिले १६ ठिपक्यांचं. माऊसमधली चिप लागोपाठची दोन चित्रं एकमेकांवर सरकवून पाहते आणि ती कुठे नीट जुळतात त्यावरून हात किती आणि कुठल्या दिशेला सरकला हे ठरवते. म्हणजे माऊसला टेबल दिसावं लागतं. गुळगुळीत काचेवर त्याला टिपण्यासारखं काही मिळत नाही. काही प्रकाश आरपार जातो, काही भलत्या दिशेला परावर्तित होतो.

काचेखालचं हिरवं कापड तरी दिसायला हवं होतं. पण साध्या माऊसचं भिंग सुमारे अडीच मिलिमीटरवरच्या पृष्ठभागासाठीच बसवलेलं असतं, त्याला आपल्या डोळ्यासारखं दूर-जवळ जुळवून घेता येत नाही. मध्ये पाच मिलिमीटरची काच आली की कापड त्याच्या नजरेत धूसर होतं. काचेवर चालणारे माऊस नाहीत असं नाही. लॉजिटेक कंपनीने २००९ मध्ये तसे दोन आणले. काळ्या पार्श्वभूमीवर सूक्ष्म कण चमकवून पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचं तत्त्व त्यांत वापरलं होतं, त्यामुळे काचेवरची धूळ आणि ओरखडेच त्यांना खुणा म्हणून पुरतात. ते साध्या माऊसच्या कितीतरी पट महाग. परतवाड्याच्या टेबलांवर तेच काम वर्तमानपत्र करतं, कारण त्याचा खरखरीत कागद आणि छपाई साध्या माऊसच्या संवेदकाला हवी तशीच असते.

आपल्या भागात आणखी एक अडचण हंगामाबरोबर येते. कापूस घरी यायला लागला, जिनिंग सुरू झाल्या की हवेत रुईचे तंतू तरंगतात आणि एखादा तंतू माऊसच्या खालच्या भोकात जाऊन बसतो. तो माऊसबरोबरच सरकतो, त्यामुळे संवेदकाच्या प्रत्येक चित्रात त्याच जागी दिसतो. चिपला वाटतं की काहीच हललं नाही. बाण मग जड होतो, मध्येच थांबतो. अशा वेळी माऊस आपटण्यात अर्थ नाही. उलटा करून कोरड्या, मऊ ब्रशने ते भोक साफ केलं की बहुतेक वेळा तो ठीक होतो.

पण खरा संताप ज्यावर निघतो ती तक्रार वेगळी आहे. "एकदा दाबलं तं दोनदा लागते." फाइल निवडायला जावं तर ती उघडते. मजकूर ओढून नेताना मध्येच सुटतो. पैसे भरण्याच्या पानावर बटण दोनदा दाबलं गेलं की पोटात गोळाच येतो. माणसाचा हात थरथरला असं यात काही नसतं.

माऊसच्या बटणाखाली एक इवलासा स्विच असतो आणि त्याच्या आत तांब्याच्या मिश्रधातूची वाकवलेली पातळ पट्टी. बोटाचा दाब एका मर्यादेपलीकडे गेला की ती झटक्यात दुसऱ्या संपर्कबिंदूवर जाऊन बसते. 'टक' असा आवाज येतो तो तिचाच. धातूवर धातू आपटला की तो काही क्षण थरथरतोच, म्हणून चिपला आधीच शिकवलेलं असतं की पहिल्या स्पर्शानंतर काही मिलिसेकंद होणारी उघडझाप मोजायची नाही. लाखो वेळा दाबून पट्टीचा ताण कमी होतो, संपर्कबिंदूंवर ऑक्साइडचा पापुद्रा चढतो. मोठ्या विद्युतप्रवाहाच्या स्विचमध्ये हा पापुद्रा प्रवाहानेच जळून जातो. माऊसच्या स्विचमधून जाणारा प्रवाह इतका क्षीण असतो की त्याला ती सफाई जमत नाही. परिणामी बोट खाली दाबलेलं असतानाच संपर्क क्षणभर तुटतो आणि पुन्हा जुळतो, आणि संगणक ते दोन क्लिक म्हणून मोजतो. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे हा स्विच बदलून मिळतो. तोवर सेटिंगमध्ये जाऊन उजवं बटण मुख्य करून घेता येतं, कारण ते कमी वापरलेलं असल्याने त्याचा स्विच बहुधा शाबूत असतो.

माऊस जुनाच झाला असं समजून सगळा दोष त्याच्यावर टाकला जातो. मात्र माऊस नवा असतानाही काम रेंगाळतं, आणि त्याचं कारण शोधायला थोडं मागे जावं लागेल. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी कॅलिफोर्नियात १९६४ च्या सुमारास पहिला माऊस बनवला. लाकडी खोकं, वर एक बटण, खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो लोकांसमोर आला. त्याच्याही आधी, १९५४ मध्ये, पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने हाताच्या हालचालीचा एक नियम मांडला होता. लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. हा वेळ ठरावीक पायऱ्यांनी वाढतो. अंतर दुप्पट केलं काय किंवा लक्ष्याची रुंदी निम्मी केली काय, एकच पायरी चढावी लागते.

१९७८ मध्ये स्टुअर्ट कार्ड, बेटी बर आणि तेच बिल इंग्लिश यांनी माऊस, जॉयस्टिक आणि कळफलकावरच्या कळा यांची तुलना करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. माऊस सर्वांत सरस ठरला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माऊसने लक्ष्य गाठायला लागणारा वेळ ज्या गतीने वाढत होता, ती गती नुसत्या हाताच्या गतीच्या जवळपास होती. एकेका पायरीला सुमारे एक दशांश सेकंद. म्हणजे चालू स्थितीतला माऊस माणसाला फारसा अडवत नाही. वेळ जातो तो लक्ष्यामुळे, आणि लक्ष्य किती मोठं ठेवायचं हे पान बनवणारा ठरवतो.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपले सरकार सेवा केंद्रांसमोर दाखल्यांसाठी रांगा लागतात. उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा, नॉन-क्रीमीलेयरचा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे दाखल्यांना मुदत आहे, आणि ती पाळली जावी हे योग्यच आहे. पण अर्जाच्या पानावर मोहरीएवढा गोल, त्यात नेमकी टिचकी मारायची. 'पुढे' बटण स्क्रीनच्या पार दुसऱ्या टोकाला. गावांची लांबच लांब यादी, त्यात आपलं गाव शोधायचं. कित्येक संगणकांवर आणखी एक खोडी असते. यादीतून गाव निवडलं आणि पान खाली नेण्यासाठी चाक फिरवलं, की पान न सरकता निवडलेलं गावच बदलतं. अर्ज दुसऱ्याच गावाच्या नावाने पुढे जातो, त्रुटी निघते, आणि पोराला पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. बोलणी खातो तो खिडकीतला ऑपरेटर. माझ्या मते हा दोष ज्या टेबलावर दिसतो तिथला नाही, तो पान जिथे आखलं गेलं तिथला आहे. ऑपरेटरने त्यावर उपाय शोधला आहे. तो टॅबची कळ दाबत एका रकान्यातून दुसऱ्यात जातो आणि गावाच्या नावाचं पहिलं अक्षर टाइप करतो. हात माऊसवर नेण्याचाच वेळ वाचतो.

शरीराचा हिशोब वेगळा आहे आणि तो उशिरा समोर येतो. कार्यालयातली टेबलं साधारण ७५ सेंटिमीटर उंच, लिहिण्यासाठी केलेली. बुटक्या माणसाचं कोपर त्या पातळीच्या खाली राहतं, म्हणून माऊस धरताना खांदा उचललेला राहतो. त्यात कळफलकाच्या उजव्या बाजूला आकड्यांच्या कळा असतात. त्या ओलांडून माऊस ठेवायचा म्हणजे दंड शरीरापासून बाहेर काढून धरायचा. रोखपाल आणि हिशोबनीस या कळांशिवाय काम करू शकत नाहीत, त्यामुळे त्यांनाच हा ताण सर्वांत जास्त.

वजन काहीच उचलत नाही, तरी खांदा का भरून येतो? गोरान हॅग या स्वीडिश संशोधकाने १९९१ मध्ये याचं एक स्पष्टीकरण सुचवलं. स्नायूतले काही तंतू अगदी हलक्या कामालाही सर्वांत आधी लागतात आणि स्नायू पूर्ण सैल पडेपर्यंत सुटत नाहीत. सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या नंतर झोपणारी गोष्टीतली मुलगी आठवून त्यांना 'सिंड्रेला तंतू' म्हटलं गेलं. खांदा तासन्‌तास थोडासाच उचललेला ठेवला तरी ठरावीक तंतूंना विश्रांती मिळत नाही आणि ते दुखावतात. म्हणून दर अर्ध्या तासाने हात माऊसवरून काढून मांडीवर सैल सोडणं याला खरा अर्थ आहे, मग ते मिनिटभर का असेना.

मनगटाबद्दल मात्र घाबरवणारं फार बोललं जातं. मनगटात हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा बोगदा आहे. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मुख्य नस जाते. मनगट वर मोडून धरलं की बोगद्यातला दाब वाढतो आणि नस दबली की बोटांना मुंग्या येतात. डेन्मार्कमध्ये जवळपास सात हजार कर्मचाऱ्यांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. माऊसचा वापर आठवड्याला २० तासांच्या वर गेलेल्यांत मुंग्यांची तक्रार जास्त दिसली, पण संगणकावरचं काम हा नस दबण्याच्या आजाराचा मोठा धोका आहे असं म्हणण्याजोगा पुरावा मिळाला नाही. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण यांतही हीच नस दबते. तेव्हा रात्री बोटं बधिर होत असतील तर नुसता माऊस बदलून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावं.

निवडीचं म्हणाल तर आपल्याकडचे कर्मचारी वायरचा माऊस मागतात, आणि त्याला कारणं आहेत. बिनवायरीच्या माऊसची बॅटरी ऐन गर्दीत संपते. त्याचा चिमुकला रिसीव्हर संगणकाच्या मागे, यूएसबी ३.० जोडणीला खेटून लावला तर माऊस अडखळतो, कारण त्या जोडणीचा विद्युत गोंगाट माऊसच्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलं आहे. रबरासारख्या मऊ लेपाचे माऊसही इथे टिकत नाहीत. आधी ४५ अंशांचा उन्हाळा, त्यावर कुलरची ओल, मग पावसाळा. उष्णता आणि ओलाव्याने तो लेप विघटित होऊन चिकट बनतो. साध्या कडक प्लास्टिकचा माऊस दिसायला गरीब असला तरी आपल्या हवेत तोच चांगला. फिरतीवरच्या तलाठ्याला लॅपटॉपच्या स्पर्शपट्टीची वेगळी कटकट आहे. ती बोटामुळे बदलणारी विद्युतधारिता ओळखते, आणि घामाचा थेंब तिला दुसरं बोट वाटतो.

ही सगळी माहिती टेबलावर बसणाऱ्याजवळ असते आणि खरेदीच्या कागदावर तिचा मागमूस नसतो. २०१६ पासून सरकारी खरेदी 'जेम' पोर्टलवर आली. व्यवहार उघड झाला, ही चांगलीच गोष्ट. पण अटी पूर्ण करणाऱ्यांत सर्वांत कमी दर ज्याचा, माल त्याचा. स्विच किती वेळा दाबला तरी टिकेल, माऊस कोणत्या हाताला बसेल, काचेवर चालेल का, हे अटींतच लिहिलं नसेल तर दर कमी करताना पहिल्यांदा तेच कापलं जाणार. अंगणवाडी सेविकांचं उदाहरण आपल्या समोर आहे. २०१९ मध्ये त्यांना सरकारने कामासाठी मोबाइल दिले. ते तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांनाच पडायचा, वर पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते मोबाइल शासनाला परत केले. लहान मुलांच्या वजनाची नोंद ज्यांच्या हातून होते, त्यांना वापरता येईल असं साधन मिळावं एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती अगदी रास्त होती.

मापांचंही तेच. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय माणसांच्या शरीराची मापं मोजून १९९७ मध्ये ग्रंथरूपाने दिली आहेत. खुर्ची किती उंच असावी, हात कुठवर पोचतो, हे त्यात पाहता येतं. ज्या बाईचे पाय खुर्चीवर बसल्यावर जमिनीला टेकत नाहीत, तिच्यासाठी एक लाकडी पाट आणि थोडी खाली घेतलेली कळफलकाची फळी इतकं काम परतवाड्याचा कुठलाही सुतार करून देईल. सागाच्या लिलावासाठी ओळखलं जाणारं गाव आहे हे.

प्रत्येक कार्यालयात डेडस्टॉक रजिस्टर असतं. त्यात वस्तू कधी आली आणि कधी निर्लेखित झाली हे लिहिलेलं असतं, मधल्या काळात ती कशी चालली याचा रकाना नसतो. तो असावा. डावं बटण कोणत्या महिन्यात दोनदा लागायला लागलं, लेप कधी चिकट झाला, कोणत्या टेबलावर माऊस अडला, हे वापरणाऱ्यानेच दोन ओळींत लिहावं. पुढची मागणी तहसीलमधून किंवा नगरपालिकेतून जाईल तेव्हा तीच पानं मागणीपत्राला जोडावीत, आणि नवा माल आला की पावतीवर सही करण्याआधी त्यातला एक माऊस काढून त्याच काचेच्या टेबलावर, रोज वापरणाऱ्याच्या हातात द्यावा.