वायपर का वाजतो? आवाजावरून दोष कसा ओळखावा

चेन्नईला ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो. शहराच्या वर्षभरातल्या सुमारे 1400 मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंत पडतो. तिरुवल्लिकेणीत पार्थसारथी मंदिराजवळच्या एका गल्लीत माझी गाडी उघड्यावर उभी असते. मरीना किनारा तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे. एका वर्षी पहिल्याच सलग पावसात वायपर थडथडत काचेवर उड्या मारू लागला. नवीन ब्लेड घातले, आवाज तसाच राहिला. दुसऱ्या कंपनीचे घातले, दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. दोन जोड्यांचे पैसे गेल्यावर वर्गात शिकवतो तो घर्षणाचा धडा गाडीवर लावून पाहायची बुद्धी झाली.

गैरसोय फक्त कानाला असती तर वेगळी गोष्ट. उड्या मारणारा ब्लेड जिथे टेकत नाही तिथे पाण्याचे पट्टे राहतात. रात्री कामराजर सालैवर समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्या पट्ट्यांत विखुरतो आणि रस्ता ओलांडणारा माणूस अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

ब्लेडच्या रबराला खाली एक पातळ, लवचीक कड असते. ती काचेवर सरळ उभी राहत नाही. ब्लेड ज्या दिशेने जातो तिच्या उलट बाजूला ती झुकते आणि मागून ओढली जाते. फेरीच्या टोकाला ब्लेड उलट फिरला की कडही उलटी झुकते. फळ्यावर खडू तिरका धरून ओढला तर सलग रेघ उमटते. तोच खडू उभा धरून पुढे ढकलला तर तो टणटण उड्या मारतो आणि ठिपक्यांची रेघ काढतो. शाळेत आपण सर्वांनी हे मुद्दाम केले आहे. थडथडणारा वायपर नेमके हेच करतो: त्याची कड एका दिशेने ओढली जाते आणि दुसऱ्या दिशेने ढकलली जाते.

आता आकडे पाहू. आर्ममधील स्प्रिंग ब्लेडला प्रति मीटर साधारण 15 न्यूटन बलाने काचेवर दाबते असे धरू. 550 मिलिमीटरच्या ब्लेडवर हे बल 8.25 न्यूटन होते. भरपूर ओल्या काचेवर घर्षणांक 0.2 घेतला तर घर्षणबल 1.65 न्यूटन येते. काच सुकत आली की हाच अंक 1 च्या वर जातो. 1.2 घेतला तर घर्षणबल 9.9 न्यूटन, म्हणजे सहापट. रिमझिम थांबताना वायपर जास्त ओरडतो तो यामुळेच. शिवाय पाण्याचा थर अपुरा असताना वेग वाढला की घर्षण कमी होते. अशा स्थितीत कड चिकटते, ताणली जाते, सुटते, पुन्हा चिकटते. फेरीच्या टोकांजवळ वेग शून्याकडे जातो, म्हणून किंचाळणारा आवाज बहुतेक तिथेच सुरू होतो.

कान देऊन ऐकले तर आवाजाचे तीन प्रकार वेगळे करता येतात. सुमारे 1000 हर्ट्झचा बारीक चीत्कार घर्षणाचा असतो, तेव्हा आधी काचेकडे पाहावे. 100 हर्ट्झच्या खालची थडथड बहुधा कडेच्या झुकावाचा दोष सांगते, मळक्या काचेने ती आणखी वाढते. फेरीच्या टोकाला एकदाच येणारा ‘टक्’ हा कड उलटताना होतो. तो मोठा झाला असेल तर रबर कडक झालेले असते.

माझी चूक अशी की मी सुरुवात ब्लेडपासून केली. सुरुवात काचेपासून करायला हवी. काचेवर तांब्याभर पाणी ओता. ते सलग पसरले तर काच स्वच्छ आहे, थेंब थेंब होऊन राहिले तर वर तेलकट थर आहे. (काचेला पाणी झटकणारे लेपन मुद्दाम लावले असेल तर थेंब होणारच, आणि अशा काचेवर थडथड वाढू शकते.) हा थर डिझेलच्या काजळीचा, बॉडीच्या पॉलिशचा, एकाच बादलीत दहा गाड्या पुसणाऱ्या फडक्याचा असतो. किनाऱ्यालगत त्यात मिठाची भर पडते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते. दुपारी ते सुकते, आणि अशा प्रत्येक फेऱ्यात धूळ धरून ठेवते. भांड्यांच्या पातळ साबणाने काच घासून भरपूर पाण्याने धुवावी, मग कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावी. त्याच कापडाने रबराची कडही पुसावी. कापड काळे होईल. नंतरच्या स्वच्छ कापडावर फारसा काळेपणा येईनासा झाला की थांबावे.

रबरावर खोबरेल, ग्रीस किंवा रॉकेल लावण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. आवाज तासभर बंद होतो, पण तेलाचा थर काचेवर पसरतो आणि रॉकेलने रबर फुगते. असे करू नये. कडेला भेगा असतील, किंवा महिनोन्महिने उन्हात एकाच जागी टेकून ती एका बाजूला कायमची वाकली असेल, तर मात्र ब्लेड बदलणे हाच उपाय.

माझ्या गाडीची काच धुतल्यावर चीत्कार गेला, पण वर जाताना होणारी थडथड उरली. एकाच दिशेने आवाज आला की संशय आर्मवर घ्यावा. वायपर काचेच्या मध्यावर असताना चावी फिरवून बंद केला (बहुतेक गाड्यांत तो तिथेच थांबतो) आणि टोकाकडून पाहिले. रबराचा पाठीचा भाग काचेशी काटकोनात असायला हवा होता, तो किंचित कलला होता. काच पुसताना आर्म ओढून उभा करतात, त्यात तो पिळला गेला असावा. काचेवर जाड टॉवेल टाकला, कारण ब्लेड काढलेला आर्म स्प्रिंगच्या जोराने आदळला तर काच तडकते. मग आर्म काचेपासून उचलून ब्लेड काढला, एका पान्याने आर्म घट्ट धरला, दुसऱ्याने त्याचे टोक अगदी थोडे, दोन-तीन अंश, उलट पिळले. ब्लेड लावून पाहिले, पुन्हा अर्धा अंश. पाने आणि आर्म यांच्यामध्ये कापड ठेवावे, नाहीतर रंग निघून तिथे गंज धरतो आणि खाऱ्या हवेत तो झपाट्याने पसरतो.

एवढे करूनही खडखड बोनटच्या मागच्या कडेखालून येत असेल, तर दोष काचेवर नाही. ब्लेड हाताने उचलून आर्म हळूच हलवून पाहावा. तो मोकळा डुलत असेल तर मुळाशी असलेला नट ढिला आहे किंवा जोडदांड्यांचे बुश झिजले आहेत. नट घरी आवळता येतो. बुशसाठी वरचे आवरण काढावे लागते, ते काम गॅरेजमध्ये द्यावे. देताना आवाज कोणत्या दिशेला आणि फेरीत कुठे येतो, हे मेकॅनिकला सांगावे.