पान्ह्यावर उभं राहू नये

जुन्या मोटारीचं चाक बसवून झालं, की शेवटी व्हील पान्ह्यावर पाय देऊन उभं राहायचं, अशी अनेकांची रीत असते. हिशेब करून पाहा. सत्तर किलोचा माणूस ४० सेंटिमीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकावर उभा राहिला, तर नटावर सुमारे २७५ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. अशा बऱ्याच जुन्या मोटारींचं काम ९०च्या आसपास भागतं. हा तर तिप्पट झाला! नेमका आकडा मात्र त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा.

नट आवळताना खरं काम होतं ते स्टडमध्ये, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या आटेदार दांड्यात. तो ताणला जातो. केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण ताणला जातो. मूळ लांबीवर यायला तो धडपडतो आणि त्या ओढीने चाक ड्रमवर दाबून धरतो. गाडीचं वजन, खड्ड्यांचे दणके, ब्रेकचा झटका पेलतं ते या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. पकड सैल झाली, तर तोच भार आडवा स्टडवर येतो; पुन्हा पुन्हा वाकून तो थकतो आणि तुटतो.

अर्ध्या इंची स्टडच्या कोरड्या आट्यांवर ९० न्यूटन-मीटर लावले, तर साधारण साडेतीन टनांची पकड मिळते. तीही आपल्या जोरापैकी जेमतेम दहा टक्क्यांतून! बाकीचा जोर नटाच्या बुडाशी आणि आट्यांमध्ये घर्षणातच जिरतो. म्हणून गंज धरू नये या काळजीपोटी आट्यांना ग्रीस चोपडणं महागात पडतं. घर्षण पाव हिश्शाने घटलं, की त्याच ९०मध्ये ताण पावणेपाच टनांच्या घरात जातो. ठरवलेला टॉर्क आला की टॉर्क रेंच इमानदारीत टक् वाजतो, पण पन्नास-साठ वर्षं आवळून-सोडून थकलेल्या स्टडला तो ताण झेपेलच असं नाही. आटे तारेच्या ब्रशने साफ करून कोरडेच ठेवावेत.

क्रमही महत्त्वाचा. चाक अधांतरी असताना सगळे नट हाताने बसवून घ्यायचे, मग समोरासमोरचे आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. शेवटचा टॉर्क गाडी जॅकवरून उतरवल्यावर. एकच बाजू आधी गच्च केली, तर चाक तिरकं बसतं. हौसेने नवा रंग दिलेल्या चाकांचा त्रास वेगळाच: नटाखालचा रंगाचा थर दबत जातो आणि पकड ढिली पडते. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे ते यासाठीच.

आता उलट्या, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने आवळल्या जाणाऱ्या आट्यांची गोष्ट. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या इथे जुळवल्या. क्रायस्लर १९७०च्या सुमारापर्यंत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे देत असे. कारण मोठं मजेशीर आहे. चाक किंचित सैल झालं, तर फिरताना ते स्टडभोवती अगदी थोडं सरकत राहतं आणि नटाला हळूहळू स्वतःच्याच दिशेने फिरवू लागतं. उजवीकडे नट त्यामुळे आवळला जातो. डावीकडे साधे आटे असतील, तर तोच सुटतो. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात तेही अशाच सरकण्यामुळे. मोटारवाल्यांनी मात्र पुढे हा उपाय सोडला, कारण नटाचं बूड निमुळतं असेल आणि ताण पुरेसा असेल, तर चाक मुळात सरकतच नाही.

पण जुन्या डॉजच्या डाव्या चाकाशी बसलेल्या नवख्या पोराला हे कोण सांगणार? नट निघत नाही म्हणून तो पान्ह्याला पाइप लावतो आणि आवळण्याच्याच दिशेने जोर लावत स्टड मोडतो. पान्हा लावण्याआधी स्टडचं टोक चिंधीने पुसून बघावं. तिथे बहुधा ‘एल’ अक्षर कोरलेलं सापडतं.