कॉर्नियल टोपोग्राफी: प्रकाशाने डोळ्याचा आकार मोजणारी तपासणी

मुलाच्या चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो आहे का? सिलिंडरचा नंबर वाढतो आहे, नवा चष्मा लावूनही अक्षरे पुसट किंवा दुहेरी दिसतात, मूल सारखे डोळे चोळते? मग फक्त काचा बदलू नका. कॉर्नियाचा आकार तपासून घ्या.

आकार का महत्त्वाचा?
कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. केराटोकोनस या आजारात तो पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. आजार बहुधा कुमारवयात किंवा विशीत सुरू होतो. डोळा दुखत नाही, त्यामुळे सुरुवातीला तो सहज लक्षात येत नाही.

आकार कसा मोजतात?
- काही यंत्रे डोळ्यावर प्रकाशाची वलये पाडून त्यांच्या प्रतिबिंबाचा फोटो घेतात. वलये जवळजवळ दिसली, की तिथला भाग जास्त वक्र असतो.
- काहींमध्ये फिरता कॅमेरा कॉर्नियाच्या पुढच्या व मागच्या बाजूचा आकार आणि जाडी मोजतो.
- ओसीटी यंत्रात डोळ्यातून परतलेला प्रकाश दुसऱ्या प्रकाशकिरणात मिसळतात. दोन्ही लहरींच्या मिलाफातून मायक्रॉनमध्ये अंतर कळते. डिजिटल होलोग्राफीने वस्तूंचा आकार मोजतात, तोही याच तत्त्वावर.

शेवटी संगणक रंगीत नकाशा देतो. लाल म्हणजे जास्त वक्र, निळा म्हणजे सपाट. मात्र नुसता लाल रंग पाहून घाबरू नका; जाडी आणि मागच्या बाजूचा आकार पाहूनच डॉक्टर निदान करतात.

तपासणी दुखते का?
नाही. यंत्र डोळ्याला टेकत नाही आणि काही मिनिटांत काम होते. कॉन्टॅक्ट लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. म्हणून मऊ लेन्स साधारण एक आठवडा आणि कडक लेन्स दोन ते तीन आठवडे किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद ठेवा.

लवकर कळल्याने काय फायदा?
आजार वाढत असेल, तर क्रॉसलिंकिंग करतात: रायबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील प्रकाश देतात. यामुळे बहुतेकांचा आजार तिथेच थांबतो. पण गेलेली नजर पूर्ण परत येत नाही. म्हणूनच वेळ महत्त्वाची. लॅसिक करून घेण्याआधीही ही तपासणी आवश्यक आहे.

पनवेल परिसरातील रुग्णांसाठी
पनवेलच्या लक्ष्मी आय इन्स्टिट्यूटसारख्या मोठ्या नेत्ररुग्णालयांत अशा तपासण्या होतात. जाण्यापूर्वी फोन करून वेळ घ्या. चष्म्याचे जुने नंबर आणि आधीचे नकाशे सोबत न्या; आजार वाढतो आहे की नाही, हे तुलनेतूनच कळते. एका मुलाला केराटोकोनस असेल, तर भावंडांचीही तपासणी करा.

केराटोकोनसच्या रुग्णाचा डोळा अचानक दुखू लागला, पांढुरका झाला आणि दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.