नोरिकोचें हास्य

लोकप्रियता ओसरल्यावर नाइलाजानें निवृत्त होणारे नट पुष्कळ. परंतु कीर्ति भरांत असतांना तोंडाचा रंग पुसून घरीं जाणारे विरळा. जपानच्या विख्यात अभिनेत्री सेत्सुको हारा या अशा विरळांपैकीं होत. त्यांचें मूळचें नांव मासाए आइदा. १९३५ सालीं, पंधरा वर्षांच्या असतांना, त्यांनीं चित्रसृष्टींत पाऊल टाकलें. अखेरची भूमिका १९६२ सालीं केली. आणि १९६३ सालीं, वय अवघें त्रेचाळीस असतांना, त्या व्यवसायास कायमचा रामराम ठोकला.

एका परदेशी नटीचें कौतुक आमच्या वाचकांस कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, सेत्सुकोबाईंच्या उत्तम चित्रपटांत राजवाडे नाहींत आणि प्रेमप्रलापहि नाहींत. आहेत तीं सासूसासरे, नणंदा, लग्नाला आलेली मुलगी आणि तिची काळजी वाहणारीं वडील माणसें. अकिरा कुरोसावा यांच्या १९४६ सालच्या चित्रपटांत त्या प्राध्यापकाच्या लाडक्या कन्येची भूमिका करतात. हेर म्हणून पकडलेला पति कैदेंत मरतो, गांव त्याच्या आईबापांस वाळींत टाकतें, आणि पियानो वाजविणारी ही सून सासूच्या जोडीनें चिखलांत उभी राहून भात लावते. ती भूमिका जोरकस आहे. क्वचित् जरा अधिकच जोरकस, असें माझें मत आहे.

त्यांच्या अभिनयाचें खरें सोनें झालें तें यासुजिरो ओझू या दिग्दर्शकाच्या हातीं. १९४९, १९५१ व १९५३ सालच्या त्यांच्या तीन चित्रपटांत सेत्सुकोबाई नोरिको नांवाच्या तीन निरनिराळ्या स्त्रिया झाल्या आहेत. पहिली नोरिको विधुर पित्याला सोडून लग्न करावयास तयार नाहीं. नो नाटकाचा प्रयोग चालू असतां वडील समोरच्या एका विधवेस नमस्कार करतात. हिच्याशींच त्यांचा पुनर्विवाह ठरत असल्याची कुणकुण नोरिकोच्या कानीं आलेली असते. तिच्या मुखावरचें हास्य हळूहळू मावळतें आणि मान खालीं झुकते. संवाद एकहि नाहीं. तें मावळणारें हास्य पाहिल्यावर, आतांपर्यंत आपण जिला निव्वळ हसतमुख समजत होतों ती मुलगी काय काय गिळून हसत होती, हें ध्यानीं येतें. दुसरी नोरिको तीन पिढ्यांच्या भरल्या घरांतली. घरच्यांनीं पाहिलेलें स्थळ बाजूस सारून शेजारचा एका मुलीचा बाप असलेला बिजवर ती स्वतःच पसंत करते आणि घर हादरतें.

परंतु माझें मन गुंतलें आहे तें तिसऱ्या नोरिकोंत. ‘टोकियोची कथा’ या चित्रपटांत ओनोमिची गांवचें वृद्ध जोडपें राजधानींत मुलांकडे येतें. डॉक्टर मुलाला आणि केशरचनेचें दुकान चालविणाऱ्या मुलीला त्यांच्यासाठीं सवड नाहीं. सवड काढते ती युद्धांत मेलेल्या मुलाची विधवा नोरिको. कचेरींतून एक दिवसाची रजा घेऊन ती त्यांस शहर दाखविते. एकाच खोलीच्या बिऱ्हाडीं आणून शेजारणीकडून उसनें मद्य मागून सासऱ्यांना देते (तिकडे त्यांत वावगें नाहीं). आपल्याकडेहि अशा सुनेची तारीफ चारचौघांत होते. तिची झोप झाली कीं नाहीं, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

ओझूंनीं तें विचारलें आहे. सासूच्या मृत्यूनंतर सासरे म्हणतात, पोटच्या पोरांपेक्षां तूंच आमचें अधिक केलेंस, आतां दुसरें लग्न कर. तेव्हां नोरिको सांगते कीं, मी तुम्ही समजतां इतकी चांगली नाहीं. तुमच्या मुलाची आठवण न येतां कित्येक दिवस जातात. असेंच एकटीनें राहिल्यास पुढें काय होईल, या विचारानें रात्रीं भय वाटतें. एवढा वेळ हसत बोलणारी ती शेवटीं हातांनीं तोंड झांकून रडते. चांगुलपणाची किंमत इतक्या खरेपणानें मोजून दाखविणारी दुसरी नटी माझ्या पाहण्यांत नाहीं.

पुढें १९६० सालच्या ओझूंच्याच चित्रपटांत त्या मुलीचें लग्न लावून एकट्या मागें राहणाऱ्या आईच्या भूमिकेंत दिसल्या. १२ डिसेंबर १९६३ रोजीं, आपल्या साठाव्या वाढदिवशींच, ओझू वारले. अभिनयांत आपणांस विशेष आनंद कधींच वाटला नाहीं, मोठ्या कुटुंबाच्या पोषणासाठीं आपण तें काम केलें, असें सेत्सुकोबाईंनीं सांगितलें होतें. हें बोलणें पुष्कळांना झोंबलें. जिला ‘चिरकुमारी’ म्हणून डोक्यावर घेतलें, तिनें असें बोलावें! पण नोरिको तरी सासऱ्यांपाशीं याहून निराळें काय बोलली होती? सत्तावीस वर्षें घरासाठीं राबलेल्या बाईनें पुढचें आयुष्य स्वतःकडे ठेविलें, तर प्रेक्षकांनीं रुसावयाचें कारण मला तरी दिसत नाहीं.

त्या अविवाहितच राहिल्या. कामाकुरा येथें, जेथें पहिल्या दोन नोरिकोंचीं घरें होतीं त्याच गांवीं, त्यांनीं अर्धशतक काढलें. मुलाखती नाकारल्या, छायाचित्रें काढूं दिलीं नाहींत. ५ सप्टेंबर २०१५ रोजीं, पंचाण्णव वर्षांच्या होऊन, त्या निवर्तल्या. जगाला ती वार्ता नोव्हेंबरांत कळली.