डोंगरवाटेकडे परतताना : माफक किमतीच्या सायकलीची निवड

तारुण्यात डोंगरातील पायवाटांवर सायकल चालविलेला मनुष्य वीस वर्षांच्या खंडानंतर पुन्हा त्या वाटेकडे वळतो, तेव्हा त्याच्यापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. तोल सांभाळण्याची कला शरीर विसरलेले नसते. परंतु दुकानात मांडलेली सायकल मात्र त्याच्या ओळखीची राहिलेली नसते. खिशात पैसे बेताचेच असतात. अशा वेळी निवड चुकली, तर केवळ पैसे वाया जातात असे नाही. एखाद्या तीव्र उतारावर हातपाय मोडण्याचाही प्रसंग येतो.

डोंगरी सायकलीचा जन्मच मुळी काटकसरीतून झाला. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली अल्प किमतीत मिळवून डोंगरउतारांवर पळवीत असत. १९७६ साली फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर ‘रिपॅक’ नावाची शर्यत सुरू झाली. उतार इतका तीव्र की, मागच्या हबमधील ब्रेक तापून त्यातील ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. १९७७ साली जो ब्रीझ याने खास या कामासाठी सायकलीचा सांगाडा तयार केला. मजबूत सांगाडा, रुंद टायर आणि खात्रीचे ब्रेक या त्या वेळच्या तीन गरजा आजही बदललेल्या नाहीत.

बदलला आहे तो सांगाड्याचा आकार. १९९० च्या सुमाराच्या सायकलींत पुढचा चिमटा जमिनीशी सुमारे ७१ अंशांचा कोन करीत असे. आज पायवाटेवरच्या सायकलीत हा कोन बहुधा ६४ ते ६७ अंशांचा असतो. त्यामुळे पुढचे चाक स्वाराच्या पुष्कळ पुढे राहते आणि उतारावर हँडलावरून पुढे फेकले जाण्याचा धोका कमी होतो. २६ इंची चाकांची जागाही आता २७.५ व २९ इंची चाकांनी घेतली आहे. मोठे चाक दगड-मुळांवरून अधिक सहजपणे जाते. म्हणूनच माळ्यावरची जुनी सायकल दुरुस्त करण्यात मोठा खर्च करणे सहसा हिताचे ठरत नाही. तिला बसतील असे चांगले टायर व चिमटे मिळणेही कठीण झाले आहे.

माफक किमतीत सायकल घेणाऱ्याने दोन्ही चाकांना धक्काशोषक असलेल्या सायकलीचा मोह टाळावा. मागचा धक्काशोषक, त्याचे सांधे आणि बेअरिंगे यांचा खर्च कारखानदार कोठून तरी भरून काढणारच. तो ब्रेक, चाके व पुढचा चिमटा यांच्या दर्जातून निघतो. अशी स्वस्त सायकल जड असते आणि लवकर खिळखिळी होते. तेवढ्याच पैशांत केवळ पुढे धक्काशोषक असलेली सायकल पुष्कळ चांगली मिळते. तिच्या चिमट्यात हवेची स्प्रिंग असावी, म्हणजे स्वाराच्या वजनाप्रमाणे दाब कमी-अधिक करता येतो. ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारे, डिस्क पद्धतीचे असावेत. लांब उतारावर एका बोटाने ब्रेक दाबता आला, तर उरलेली बोटे हँडल घट्ट धरू शकतात. पुढे एकच दातेरी चक्र आणि मागे दहा ते बारा चक्रे ही रचना साधी व टिकाऊ असते. गिअरांची संख्या अधिक म्हणजे सायकल चांगली, हा समज सोडून द्यावा.

त्याच रकमेत वापरलेली सायकल नव्या सायकलीपेक्षा सरस मिळू शकते. मात्र ती पारखून घ्यावी लागते. सांगाड्याच्या सांध्यांजवळ, विशेषतः हँडलाच्या नळीखाली, बारीक चीर आहे काय ते उजेडात पाहावे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवावी. खटखट जाणवल्यास बेअरिंगे सैल आहेत असे समजावे. चिमट्याच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे नसावेत. साखळीचे १२ पूर्ण दुवे नव्या स्थितीत बरोबर १२ इंच भरतात. ही लांबी एक-षोडशांश इंचाने वाढली असेल, तर साखळी बदलावी लागेल. एक-अष्टमांश इंचाने वाढली असेल, तर मागची चक्रेही झिजली आहेत असे धरून किंमत कमी करून मागावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे माप. सांगाड्यावर दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहिल्यावर मधल्या नळीपासून पुरेसे अंतर सुटले पाहिजे, आणि पॅडलांवर उभे राहून हँडल धरताना पाठ अवघडता कामा नये. मापाला न बसणारी सायकल कितीही सवलतीत मिळाली, तरी ती महागच पडते.

सर्व पैसे सायकलीवर खर्च करू नयेत. जुन्या शिरस्त्राणावर भरवसा न ठेवता नवे घ्यावे, आणि चांगल्या पकडीच्या टायरांसाठी काही रक्कम राखून ठेवावी. पहिले काही आठवडे सोप्या वाटाच निवडाव्यात. मनाला पूर्वीचा वेग आठवत असतो. मनगटे आणि गुडघे यांना मात्र तो नव्याने शिकावा लागतो. साधी, मापाची आणि नीट थांबणारी सायकल स्वाराला तेवढी सवड देते, आणि परतीच्या वाटेवर त्याहून अधिक काही मागण्याचे कारणही नसते.